पितर आणि अतृप्त आत्मे : कोरियातील मुदांग-परंपरा

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



माणूस मेला की तो आपोआप पितर होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. कोरियन लोकांच्या जुन्या श्रद्धाविश्वात ती मान्य नाही. तेथे मृत्यूने केवळ मृतात्मा निर्माण होतो. तो पितरपदाला पोचतो की नाही, हे पुष्कळसे मागे राहिलेल्यांवर अवलंबून असते. ज्याचे आयुष्य पुरे झाले, जो स्वतःच्या घरात मुलानातवंडांच्या देखत गेला आणि ज्याच्या नावाने दरवर्षी अन्न मांडले जाते, तो पितर. जो अकाली, अन्यायाने, परमुलखात किंवा निपुत्रिक गेला, तो अधांतरी राहतो. पितर आणि अतृप्त आत्मा या दोन निरनिराळ्या योनी नाहीत. एकाच मृताच्या त्या दोन अवस्था आहेत. आणि एका अवस्थेतून दुसरीत त्याला नेण्याचे काम मुदांग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया शतकानुशतके करीत आल्या आहेत. या कामाचे स्वरूप काय, आणि विसाव्या शतकात त्यावर कोणती अवघड जबाबदारी येऊन पडली, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम घरातील रीतसर पितृपूजा पाहू. तिला जेसा म्हणतात. जोसॉन राजघराण्याच्या काळात (१३९२–१९१०) कन्फ्यूशियसच्या अनुयायांनी तिला जे रूप दिले, तेच आजवर चालत आले आहे. मृत्युतिथीच्या रात्री ज्येष्ठ पुत्राच्या घरी अन्न मांडले जाते. तांबडी फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला. पीच हे फळ मात्र तेथे कधी येत नाही. पीचमुळे भुते पळतात असा समज आहे, आणि जे भुताला पळवील ते पितरालाही उंबरठ्यावर अडवील, अशी भीती असते. पितर आणि भूत यांच्यातील अंतर किती थोडे मानले जाते, हे या एका निषेधावरून ध्यानात यावे. कागदाच्या पट्टीवर मृताचा निर्देश लिहितात, मद्य अर्पण करतात, गुडघे टेकून कपाळ भुईला लावतात, भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवतात आणि मग दार लोटून सर्वजण बाहेर थांबतात. किती वेळ थांबायचे? सावकाश नऊ घास खाऊन होतील इतका वेळ. अखेरीस ती पट्टी जाळतात आणि अर्पण केलेले अन्न सर्व मिळून खातात. या संपूर्ण विधीत मृत व्यक्ती एक शब्दही बोलत नाही, आणि जिवंतांनीही तिला काही विचारायचे नसते. आदर आहे, शिस्त आहे आणि मौन आहे.

या शिस्तीला सीमाही आहेत. मृत्युतिथीची पूजा वर चार पिढ्यांपर्यंत होते. त्यापलीकडच्या पूर्वजांना वर्षातून एकदा त्यांच्या थडग्यापाशी जाऊन नैवेद्य दाखवितात. पूजेचा अधिकार ज्येष्ठ पुत्राचा. सतराव्या शतकापर्यंत मुलीही आळीपाळीने आईबापांची जेसा करीत आणि वारशात वाटा घेत. पुढे कन्फ्यूशियन आचार समाजात मुरत गेला, तसा हा अधिकार थोरल्या मुलाकडे एकवटला. या व्यवस्थेचे अवशेष किती दीर्घकाळ टिकले, हे पाहण्यासारखे आहे. पूजेचे प्रमुखपद कोणाचे, या वादात मुलग्याला मुलीवर अग्रक्रम देणारा आपलाच पूर्वीचा निवाडा दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारला, तो मे २०२३ मध्ये.

अशा व्यवस्थेत कोण बाहेर राहिले असेल, याची यादी करणे कठीण नाही. लग्नापूर्वी मेलेली मुलगी आणि अविवाहित तरुण. त्यांना पूजा करणारी संतती नाही. मराठी वाचकाला येथे मुंजाची आठवण होईल. लहानपणी दगावलेली बालके; बाळंतपणात गेलेल्या बायका; समुद्रात बुडालेले आणि देह न सापडलेले कोळी; परक्या गावी रस्त्यात मेलेले वाटसरू; फासावर वा तलवारीखाली निर्दोष गेलेले लोक. शिवाय प्रत्येक घरातील सुनेच्या माहेरची माणसे. ती सासरच्या पूजेत कोठेच नसतात. या सर्वांच्या मनात जे साठून राहते, त्याला कोरियन भाषेत ‘हान’ म्हणतात. या शब्दात शल्य आहे, खंत आहे, दाबलेला संताप आहे आणि न्याय झाला नाही ही जाणीवही आहे. हान घेऊन मेलेला जीव पुढे जात नाही, घराभोवती घोटाळतो. तो मुद्दाम वाईट करतो असे नाही. मायेने जवळ आलेल्या मृत आजीच्या स्पर्शानेही नातू आजारी पडू शकतो, असे मानतात. कारण मृतांनी जिवंतांना स्पर्श करणे हेच मुळी व्यवस्थेबाहेरचे आहे.

कन्फ्यूशियन राजसत्तेलाही या बेवारस मृतांचे भय वाटत होते. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून राजधानीच्या उत्तरेला आणि निरनिराळ्या जिल्ह्यांच्या ठिकाणी वेदी उभारून वर्षातून तीन वेळा ज्यांच्यामागे कोणी नाही अशा मृतांना सरकारी खर्चाने अन्न दिले जाई. रोगराई त्यांच्या असंतोषातून येते, अशी समजूत होती. परंतु हे अन्न सर्वांना एकत्रित होते. अमुक गावच्या अमुक मुलीला काय सांगायचे आहे, हे ऐकण्याची सोय त्या वेदीवर नव्हती.

ती सोय मुदांगापाशी होती. ‘मान्शिन’ हे तिचे आदरार्थी नाव. त्याचा अर्थ दशसहस्र देव. मध्य आणि उत्तर कोरियात मुदांग वंशपरंपरेने होत नाही. एखाद्या स्त्रीला दीर्घ, अनाकलनीय आजार जडतो, स्वप्ने पडतात, भास होतात. देवांनी तिला निवडले आहे असे निदान होते. आणि एखाद्या अनुभवी मुदांगाच्या हाताखाली दीक्षेचा विधी झाला की मगच ती बरी होते. दक्षिणेकडील जोल्ला प्रांतात आणि पूर्व किनाऱ्यावर मात्र हा व्यवसाय घराण्यांतून चालत आला आहे. तेथे अंगात येण्यापेक्षा गायन, वादन आणि नृत्य यांचे शिक्षण महत्त्वाचे. जोसॉन काळात मुदांगांची गणना समाजातील सर्वांत खालच्या वर्गात होत असे. त्यांना राजधानीच्या तटाबाहेर काढण्याचे हुकूम वारंवार निघत, आणि त्यांच्याकडून करही नियमितपणे वसूल केला जाई.

मुदांग जो विधी करते त्याला ‘गुत’ म्हणतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरेल केंडल यांनी सेऊलजवळच्या एका खेड्यात राहून जो अभ्यास केला, तो १९८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुरुषांची जेसा आणि बायकांचा गुत या एकाच गृहधर्माच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. जेसेत पित्याच्या वंशाचे रीतसर पितर येतात. गुतात सगळे येतात. सासू येते, पहिली बायको येते, माहेरचा भाऊ येतो, पाचव्या वर्षी गेलेले मूल येते. मुदांग त्या त्या मृताचे वस्त्र अंगावर घेते आणि त्याच्या वाणीने बोलू लागते. सासू सुनेला बोल लावते, मूल खाऊ मागते, नवरा दारूचा पेला मागून घेतो आणि आपण कर्ज ठेवून गेलो म्हणून रडतो. घरातील बायकाही गप्प बसत नाहीत. त्या उत्तरे देतात, हुज्जत घालतात, जिवंतपणी जे बोलता आले नाही ते बोलून घेतात. विधीच्या शेवटी दाराबाहेर भटक्या, अनोळखी आत्म्यांसाठीही अन्न टाकतात आणि सुरी फेकतात. तिचे टोक बाहेरच्या दिशेला पडले की ते निघून गेले असे समजतात.

मृताला परलोकी पोचविणाऱ्या गुतात एक प्रदीर्घ कथागीत गातात. ते राजकन्या बारीचे. राजाराणीला सातवी मुलगीच झाली, म्हणून जन्मताच तिला टाकून देण्यात आले. पुढे राजाराणी मरणपंथाला लागली. परलोकीचे संजीवक पाणी आणण्यास लाडाकोडात वाढलेल्या सहा मुलींपैकी एकही तयार झाली नाही; टाकलेली सातवी निघाली. तिने त्या पाण्याच्या रक्षकाकडे वर्षानुवर्षे कष्ट उपसले, त्याच्यापासून तिला मुलगे झाले, आणि ती परतली तेव्हा आईबापांची प्रेतयात्रा निघालेली होती. तिने त्यांना जिवंत केले. बक्षीस म्हणून मिळणारे राज्य नाकारून तिने मृतांना वाट दाखविण्याचे काम पत्करले. मुदांग तिला आपली आद्य पूर्वज मानतात. घराने टाकलेली मुलगीच घरातील मृतांची वाटाड्या होते, हे या कथेचे मर्म आहे. भारताशी असलेला एक जुना धागाही या परलोकात सापडतो. बारी जेथे जाते त्या भूमीला अनेक पाठांत ‘पश्चिमेचा स्वर्ग’ असे नाव आहे. चिनी बौद्ध वाङ्मयात याच नावाने भारताचा निर्देश होत असे. आणि मृतांचा न्याय करणाऱ्या दहा राजांपैकी सर्वांत प्रसिद्ध जो योम्रा, तो बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तेथे पोचलेला यमराजच होय.

नैर्ऋत्य किनाऱ्याजवळील जिंदो बेटावरील श्शित्किम गुत हा या विधींपैकी एक असून १९८० मध्ये तो राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित झाला. श्शित्किम म्हणजे धुणे. मृताचे कपडे चटईत गुंडाळून ती गुंडाळी उभी करतात. तिच्यावर आत्म्याचे प्रतीक असलेला कागद घातलेला वाडगा, आणि त्यावर पातेल्याचे झाकण. असे मृताचे शरीर तयार होते. मग केरसुणी भिजवून दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीचे पाणी, सुगंधी पाणी आणि शेवटी स्वच्छ पाणी यांनी ते शरीर वरून खालपर्यंत धुतात. एका लांब पांढऱ्या कापडाला गाठी मारलेल्या असतात. गाणे म्हणत त्या एकेक सोडवितात. प्रत्येक गाठ म्हणजे मनातील एकेक शल्य. नंतर तेच पांढरे कापड रस्त्यासारखे ताणून धरतात आणि आत्म्याची लहानशी पेटी त्यावरून हळूहळू पुढे सरकवीत नेतात. माणूस बुडून मेला असेल, तर आधी समुद्रकाठी जाऊन तांदळाचा वाडगा कापडात बांधून पाण्यात सोडतात आणि आत्म्याला वर बोलावतात. देह मिळाला नाही, तरी कोणाला तरी धुतले पाहिजे, वाटेला लावले पाहिजे, ही त्यामागची निकड आहे. याच जिंदोच्या समुद्रात एप्रिल २०१४ मध्ये सेवोल हे प्रवासी जहाज बुडाले आणि ३०४ जण दगावले. त्यांतील बहुसंख्य एकाच शाळेचे विद्यार्थी होते. पाच जणांचे देह कधीच मिळाले नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये केवळ त्यांच्या वापरातील वस्तू पेटीत ठेवून अंत्यसंस्कार केले.

या परंपरेवर आक्षेप नाहीत असे नाही. गुत खर्चिक असतो, भीती दाखवून पैसे उकळणाऱ्याही असतात, आणि आजारी माणसाला वैद्याऐवजी मुदांगाकडे नेल्याने हानी होते, ही टीका जुनी आहे व निराधार नाही. जपानी अंमलात (१९१०–१९४५) या विधींवर ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का बसला. १९७० मध्ये सुरू झालेल्या नवग्राम चळवळीत गावोगावची देवस्थाने पाडली गेली, गुतात पोलीस शिरू लागले. ह्वांगहे प्रांतात १९३१ साली जन्मलेल्या आणि युद्धामुळे दक्षिणेत आलेल्या किम कुम-ह्वा या विख्यात मुदांगाने हा सारा छळ सोसला. पुढे १९८५ मध्ये त्याच शासनाने त्यांना राष्ट्रीय वारशाच्या अधिकृत वाहक म्हणून मान दिला. २०१९ मध्ये त्या निवर्तल्या. श्रद्धा खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. ज्याचे बोलणे कोठेच नोंदले जात नाही, अशा मृताचे ऐकायचे कोणी?

या प्रश्नाचे अत्यंत दाहक रूप जेजू बेटावर दिसते. कोरियाच्या दक्षिणेस असलेल्या या ज्वालामुखी बेटावर मुदांगाला सिम्बांग म्हणतात, आणि तेथे पुरुषही हे काम करतात. बेटावरची ही श्रद्धा चिवट आहे. १७०२ मध्ये यी ह्योंग-सांग या अधिकाऱ्याने तेथील १२९ देवस्थाने जाळून टाकली होती. देवस्थाने पुन्हा उभी राहिली. ३ एप्रिल १९४८ रोजी, देशाची फाळणी कायम करणाऱ्या स्वतंत्र निवडणुकीच्या विरोधात डाव्या बंडखोरांनी तेथील पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. त्याआधी वर्षभर, मार्च १९४७ मधील पोलीस गोळीबारापासूनच, बेट धुमसत होते. सरकारी दलांनी जी मोहीम चालविली ती १९५४ पर्यंत चालली. डोंगरउतारावरची गावेच्या गावे जाळली गेली. मृतांची संख्या २५,००० ते ३०,००० असावी असा शासकीय चौकशीचा अंदाज आहे. म्हणजे बेटाच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा. काही जण बंडखोरांच्या हातून मेले. बहुतेक सरकारी दलांच्या.

त्यानंतर कित्येक दशके याविषयी बोलणे हा गुन्हा होता. मृत ‘लाल’ ठरलेला. त्याचे नाव काढले तर मुलाची नोकरी जायची, पुतण्याला परदेशी जाता यायचे नाही. थडग्यापाशी मोठ्याने रडणेही धोक्याचे. बुक्चोन गावात जानेवारी १९४९ मध्ये सैनिकांनी तीनशेहून अधिक लोकांना मारले. त्यामुळे दरवर्षी त्या रात्री गावातील घराघरांत एकाच वेळी जेसा असते. परंतु जेसा मूक असते, हे आधी आलेच आहे. कोणी मारले, कसे मारले, हे तिच्यात येत नाही.

ते गुतात येत राहिले. जेजूच्या विधीत ‘योंगे-उल्लिम’ नावाचा एक भाग असतो. त्याचा अर्थ मृतात्म्याचे रडणे. सिम्बांग आसवे ढाळीत मृताच्या वाणीने बोलतो. कोणत्या शेतात नेले, बरोबर कोण होते, पाण्याचा घोट मागितला तो मिळाला की नाही, देह कोठे पडला, हे सर्व त्याच्या तोंडून येते. कोरियन अभ्यासक किम सोंग-ने यांनी १९८० च्या दशकात या विलापांचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या काळात इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ नव्हती आणि न्यायालयाचे दार बंद होते, त्या काळात हे विलापच बेटाची स्मृती सांभाळीत होते, असे त्यावरून दिसते. ज्याला राज्याने शत्रू ठरविले त्याला घरच्यांनी पुन्हा पितर केले, ते या मार्गाने.

कागदावरची नोंद मागून आली, आणि तिला किंमत मोजावी लागली. ह्योन की-योंग या जेजूच्याच लेखकाने १९७८ मध्ये बुक्चोनच्या हत्याकांडावर ‘सुनी साम्चोन’ ही कथा लिहिली. गोळीबारातून वाचलेली एक स्त्री तीस वर्षांनी त्याच शेतात जाऊन प्राण देते, अशी ती कथा आहे. लेखकाला अटक झाली, त्याचा छळ झाला आणि पुस्तकावर बंदी आली. दगडाचीही तीच गत. ऑगस्ट १९५० मध्ये बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला संशयित म्हणून धरलेल्यांना ठार करून एका खड्ड्यात टाकण्यात आले. नातेवाइकांना १९५६ मध्ये तेथे जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोणते हाड कोणाचे हे ओळखता येईना. त्यांनी हाडे जुळवून १३२ देह रचले, शेजारीशेजारी थडगी बांधली आणि त्या जागेला नाव दिले ‘शंभर पूर्वज, एक वंशज’. आपला बाप यांपैकी कोणता हे कळत नाही, तर सगळेच बाप आणि सगळे मिळून एक मूल, असा त्याचा भाव. १९६१ च्या लष्करी उठावानंतर तेथील शिलालेख फोडण्यात आला. नवा उभा राहिला तो १९९३ मध्ये. चार पिढ्या आणि थोरला मुलगा या हिशेबात न बसणारी पितृपूजेची ही व्याख्या, ज्यांच्यापाशी दुसरा उपाय उरला नव्हता अशा माणसांनी केली आहे.

पुढे चाके फिरली. चौकशीचा विशेष कायदा २००० मध्ये अमलात आला, २००३ मध्ये अहवाल तयार झाला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी राज्यसत्तेच्या वतीने बेटावर येऊन क्षमा मागितली. २००७ नंतर जेजू विमानतळाच्या आवारात उत्खनन झाले. शेकडो जणांचे अवशेष मिळाले आणि त्यांतील काहींची वंशद्रव्याच्या तपासणीवरून ओळख पटली. एप्रिल २०२५ मध्ये या घटनेचा दस्तऐवजसंग्रह युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला. म्हणजे पहिली नोंद अशिक्षित म्हणून हिणवल्या गेलेल्या सिम्बांगाच्या मुखी, मग जप्त झालेल्या एका कथेत, मग शासकीय अहवालात आणि सर्वांत शेवटी जागतिक सूचीत, असा हा क्रम आहे. ग्रंथांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेने हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कपाटात येऊन बसणाऱ्या पुष्कळ पुस्तकांच्या आधी कोणीतरी, कोठेतरी, घाबरत घाबरत पण मोठ्याने बोललेले असते.

जेजूच्या शांतिस्मारकात, २००८ मध्ये खुल्या झालेल्या दालनात, एक मोठा पांढरा दगड आडवा ठेवला आहे. त्यावर एकही अक्षर नाही. त्या घटनेला बंड म्हणावे, उठाव म्हणावे की हत्याकांड, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. योग्य नाव ठरेल त्या दिवशी ते कोरून दगड उभा करायचा, असे योजले आहे. माणसांची नावे पुष्कळशी मिळाली. घटनेचे नाव मिळायचे आहे.